गोगलगायीचं श्रेय : काचेच्या टाकीतल्या समतोलाचा इतिहास

आजचा विषय टेबलावर मावेल एवढाच आहे. काचेची टाकी, तळाला माती, त्यावर वाळूचा थर, दाट पाणवनस्पती आणि त्यांत फिरणाऱ्या दोन-तीन सेंटिमीटरच्या लाल ‘चेरी’ कोळंब्या. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, मोठी यंत्रं नाहीत. अशा टाकीबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं : झाडं ऑक्सिजन देतात, प्राणी कार्बन डायऑक्साइड देतात, झाला समतोल! हे वाक्य आलं कुठून आणि त्यात काय राहून गेलं, ते आज बघू.

१७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टलीने दाखवलं, की मेणबत्ती जळून ‘बिघडलेली’ बंद भांड्यातली हवा पुदिन्याच्या रोपामुळे सुधारते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउसने सांगितलं, की या कामाला उजेड लागतो. मग हेच पाण्यात जमेल का?

१८४९ मध्ये लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने ते करून पाहिलं. बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५४ लिटरचं काचेचं भांडं. त्यात वाळू, चिखल, दगड, व्हॅलिस्नेरियाची रोपं आणि दोन लहान गोल्डफिश. सुरुवात छान झाली. पण पुढे काय झालं? जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवं शेवाळ चढलं. हिशेबात ऑक्सिजन होता, कार्बन डायऑक्साइड होता. कुजणारं पान मात्र धरलेलंच नव्हतं.

वॉरिंग्टनने त्यात पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. वर त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली! १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं आणि घरोघरी टाकीचं वेड पसरलं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? झाड आणि मासा. गोगलगाय विस्मरणात गेली.

आता गंमत बघा. या वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, पुढे रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीवर काम करू लागला. मातीतला अमोनिया नायट्रेट कसा होतो, हा त्याचा प्रश्न. हे काम सजीव जंतू करतात, हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं होतं. मुलाने दाखवलं, की यात दोन टप्पे आहेत आणि ते वेगवेगळे जंतू पार पाडतात : आधी अमोनियाचा नायट्राइट, मग नायट्राइटचा नायट्रेट. १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने असे जंतू वेगळे करून दाखवले. म्हणजे वडिलांच्या भांड्यात जे न दिसता चाललं होतं, त्याचा उलगडा मुलाच्या पिढीत झाला.

आपल्या कोळंब्यांचा संबंध इथे येतो. शेवाळ खायचं, मऊ झालेलं पान कुरतडायचं, हे गोगलगायीचंच काम त्या करतात. पण अमोनिया आणि नायट्राइट त्यांना सोसत नाही. त्यामुळे टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी कोळंब्या आणल्या, तर त्या मरतात. मग आपण दोष देतो दुकानदाराला. खरं तर जंतू अजून जमलेले नसतात, त्यांना काही आठवडे लागतात. तोवर झाडं मात्र पहिल्या दिवसापासून भरपूर हवीत. डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला : अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम आधी उचलतात. म्हणजे झाडाचं मोठं काम फक्त ऑक्सिजन देणं नव्हे, घाण शोषणं हेही आहे. रात्री तर झाडंही ऑक्सिजन वापरतात. पाण्याला तो हवेतूनही, पृष्ठभागावरून मिळत असतो.

तेव्हा घरी टाकी लावणार असाल, तर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय कोळंब्या आणू नका. खाणं चिमूटभरच घाला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून मगच ते टाकीत ओता. आणि तांबं असलेलं औषध चुकूनही नको, कोळंब्यांना ते विष आहे.

समतोल दोघांचा नसतो, मंडळी. उरलंसुरलं पचवणारा तिसरा आधी यावा लागतो. त्याला वेळ द्या.