छोट्या भीमाची चीनस्वारी : पडद्यावरचा परदेश आणि प्रत्यक्षातला परदेश

रायपूर : ढोलकपूर या काल्पनिक राज्यातील नऊ वर्षांचा बलवान भीम आपल्या सवंगड्यांसह कुंग फूच्या स्पर्धेसाठी चीनमध्ये जातो, अशी कथा असलेला ‘छोटा भीम : कुंग फू धमाका’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १० मे २०१९ रोजी, उन्हाळी सुट्टीच्या ऐन हंगामात प्रदर्शित झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेने तो निर्माण केला. राजीव चिलका आणि बिनायक दास यांचे दिग्दर्शन लाभलेला हा त्रिमितीय चित्रपट यशराज फिल्म्सने वितरित केला. याच्या बरोबर चार आठवडे आधी, १२ एप्रिल २०१९ रोजी, याच संस्थेची ‘मायटी लिटल भीम’ ही मालिका नेटफ्लिक्सवरून जगभर उपलब्ध झाली होती. एक भीम कथेत परदेशी गेला, दुसरा प्रत्यक्षात. भारतीय ॲनिमेशनचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन प्रवासांतून एकाच वेळी दिसून येते.

चमू आणि त्याचे बळ

‘छोटा भीम’ ही मालिका ६ एप्रिल २००८ रोजी पोगो वाहिनीवर सुरू झाली. नायकाचे नाव महाभारतातील असले तरी कथा महाभारताची नाही. राजा इंद्रवर्माच्या राज्यात घडणाऱ्या या गोष्टींत चुटकी, चिमुकला राजू आणि बोलणारे माकड जग्गू हे भीमाचे साथीदार आहेत. कालिया पैलवान आणि ढोलू-भोलू ही जुळी भावंडे एरवी भीमाच्या कुरापती काढतात. संकट आले की मात्र तीही त्याच्या बाजूने उभी राहतात. परदेशी महानायकांना प्रयोगशाळेतील अपघातातून किंवा परग्रहावरून शक्ती मिळते. भीमाला ती लाडू खाऊन मिळते. भारतीय घरांतील मुलांना हा नायक आपला वाटला, त्याला हा साधेपणा मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला.

बालीपासून चीनपर्यंत

चीनची वारी ही या चमूची पहिली परदेशवारी नव्हती. मालिकेवर आधारित ‘कर्स ऑफ दम्यान’ हा चित्रपट मे २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यापाठोपाठ ३ मे २०१३ रोजी ‘थ्रोन ऑफ बाली’ प्रदर्शित झाला. त्यात बालीच्या राजपुत्राच्या राज्याभिषेकाचे निमंत्रण राजा इंद्रवर्माला येते आणि भीम व त्याचे मित्र राजाबरोबर निघतात. तेथे पोहोचल्यावर त्यांना कळते की रांगडा नावाच्या चेटकिणीने राज्य बळकावले आहे. ही रांगडा लेखकाच्या कल्पनेतून आलेली नाही. बालीच्या लोकपरंपरेत ती दुष्ट शक्तींची राणी आहे आणि बारोंग या रक्षक प्राण्याशी तिची झुंज तेथील नृत्यनाट्यांत आजही सादर होते.

‘कुंग फू धमाका’ची चौकटही अशीच आहे. स्पर्धा सुरू असताना सम्राटाची कन्या किया हिचे झुहू हा खलनायक अपहरण करतो आणि स्पर्धक म्हणून आलेल्या भीमाच्या चमूवर तिच्या सुटकेची जबाबदारी येते. पाहुणा म्हणून जायचे आणि रक्षक म्हणून परतायचे, हा दोन्ही चित्रपटांचा समान धागा आहे.

परदेश कशासाठी?

दूरचित्रवाणीवर गाजलेल्या चमूला मोठ्या पडद्यावर आणताना निर्मात्यांपुढे एक अडचण असते. घरी रोज विनामूल्य दिसणारा नायक तिकीट काढून का पाहावा, या प्रश्नाचे सोपे उत्तर म्हणजे नवा देश. नवे राजवाडे, नवी वेशभूषा, नवा शत्रू आणि ओळखीच्या गावाबाहेर नायकाची कसोटी, हे सारे त्यातून एकदम साधते.

अमेरिकेतही हाच मार्ग चोखाळला गेला. सप्टेंबर २००६ मध्ये कार्टून नेटवर्कवर दाखवण्यात आलेल्या ‘टीन टायटन्स : ट्रबल इन टोकियो’ या चित्रपटात रॉबिन, स्टारफायर, सायबॉर्ग, बीस्ट बॉय आणि रेव्हन हा चमू हल्लेखोराचा माग काढत जपानला जातो. त्याचा खलनायक ब्रशोगन याची कथा विशेष आहे. तो मुळात चित्रकार. त्याची रेखाटने सजीव होतात. अखेरीस उघड होते की टोकियोच्या सुरक्षा दलाचा प्रमुख दाइझो यानेच त्याला छपाई यंत्राला जखडून ठेवले असून त्याच्या शाईतून हल्लेखोर घडवले जात आहेत. चित्र एकाचे, हुकूम दुसऱ्याचा.

पडद्यामागचे हात

भारतीय ॲनिमेशनचा इतिहास पाहता हे रूपक अगदी परके वाटत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना हालचाल दिली होती. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग उभा राहिला. डिस्नेचे अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांनी तेथे प्रशिक्षण दिले आणि राम मोहन यांच्यासारखे कलाकार त्यातून घडले. पुढे ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपान सहनिर्मितीचा चित्रपट आला, २००५ मध्ये व्ही. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ने चित्रपटगृहांत प्रेक्षक मिळवले आणि पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने ‘दिल्ली सफारी’ घडवला.

असे टप्पे असले तरी उद्योगाचा मोठा भाग परदेशी निर्मात्यांच्या कामावर उभा राहिला. ‘लाइफ ऑफ पाय’च्या दृश्यपरिणामांसाठी २०१३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकी कंपनीच्या मुंबई व हैदराबाद येथे शाखा होत्या. त्याच वर्षी पुरस्कार सोहळ्याच्या आधीच ती दिवाळखोरीत गेली होती. कौशल्य येथले आणि नायक, कथा व हक्क तेथले, अशी ही वाटणी आहे. भीमाचे महत्त्व येथे आहे : तो ज्या संस्थेने घडवला, तिच्याच मालकीचा राहिला.

शब्दांविना ओलांडलेली सीमा

चीन आणि बाली दाखवणारे चित्रपट प्रामुख्याने भारतीय प्रेक्षकांसाठीच होते. सीमा खऱ्या अर्थाने ओलांडली ती ‘मायटी लिटल भीम’मधील रांगत्या बाळाने. तो कोठेही जात नाही. घर, अंगण आणि लाडवांचा डबा एवढेच त्याचे विश्व. पण तो बोलत नसल्याने भाषांतराचा अडसर राहिला नाही आणि रांगोळी, पतंग, सण असे भारतीय घरातील तपशील जसेच्या तसे इतर देशांतील मुलांपर्यंत गेले. परदेशी पोहोचण्यासाठी परदेश दाखवावाच लागतो असे नाही, हे या मालिकेने सिद्ध केले.

रायपूरसारख्या शहरातील मराठी कुटुंबांना यातील भाषेचा प्रश्न परिचित आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि आजूबाजूला छत्तीसगढी ऐकणारी येथील मुले भीमाला ओळखतात ती हिंदीतून. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हे मराठीचे लाडके बालनायक चित्रपटांत आले, ते हाडामांसाच्या नटांच्या रूपाने. भीमानेही ३१ मे २०२४ रोजी तीच वाट धरली. ‘कर्स ऑफ दम्यान’च्या त्या नव्या रूपात अनुपम खेर यांच्यासह मकरंद देशपांडे यांची भूमिका होती. मराठी नायकाला रेषांत उतरवून दूरवर पाठवण्याचे काम मात्र उरले आहे. त्यासाठी लागणारे चित्रकार मुंबई-पुण्यात आहेत आणि वाचणाऱ्या घरांत नायकही तयार आहेत.