चंद्र, शनी आणि जिनिव्हाची चिता

बायबल सूर्य-चंद्रांना दोन मोठ्या ज्योती म्हणते. पण शनी चंद्रापेक्षा मोठा आहे, असे खगोलशास्त्रज्ञ सांगतात. मग खरे कोणाचे? ख्रिस्ती धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने १५५४ साली 'उत्पत्ती' या पुस्तकावरील भाष्यात याचे उत्तर दिले. मोशेने सामान्य माणसाला दिसते तसे लिहिले. खगोलशास्त्र शिकायचे असेल त्याने दुसरीकडे जावे. ते शास्त्र उपयुक्त आहे, त्याला नावे ठेवू नयेत.

आदल्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १५५३ रोजी, कॅल्व्हिनच्या जिनिव्हात मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळले गेले. हृदयातील रक्त फुप्फुसांतून फिरून परत हृदयात येते, हे त्याने त्याच वर्षी छापलेल्या ग्रंथात लिहिले होते. म्हणून त्याला विज्ञानाचा हुतात्मा म्हणतात. पण आपण खटल्यातील आरोप पाहिले, तर त्यांत रक्ताचा विषय नाही. त्रैक्य आणि बालकांचा बाप्तिस्मा नाकारणे, हा त्याचा गुन्हा ठरला. कॅल्व्हिनला मृत्युदंड मान्य होता. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, एवढीच त्याची सूचना होती. नगरपरिषदेने तीही फेटाळली.

म्हणजे शनीला जागा देणारा विचार वेगळ्या श्रद्धेला जागा देत नव्हता. १९०३ साली कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी तेथे ही चूक मान्य करणारी शिळा उभारली. वर्गात 'धर्म विरुद्ध विज्ञान' असा धडा सांगताना आपण या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. ज्ञानाचा आदर करणारा समाज मतभेद सहन करतोच, असे नाही.