ख्वाजा अहमद अब्बास: फिल्मसाठी सुप्रीम कोर्टात गेलेला पत्रकार

ख्वाजा अहमद अब्बास (१९१४–१९८७) मूळचे पानिपतचे. मुंबईत येऊन ते १९३५ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकार झाले. १९५१ मध्ये त्यांनी ‘नया संसार’ ही स्वतःची चित्रपटसंस्था काढली.

‘शहर और सपना’ (१९६३) मधलं जोडपं घर मिळत नाही म्हणून मोठ्या पाइपात संसार थाटतं. चिखलीत कामासाठी येऊन खोली शोधणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

गरीब-श्रीमंत दरी दाखवणाऱ्या त्यांच्या माहितीपटातली काही दृश्यं कापायला सेन्सॉरने सांगितलं. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने कट मागे घेतले; तरी प्रदर्शनाआधी सेन्सॉर हवंच का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९७० मध्ये न्यायालयाने सेन्सॉर वैध ठरवलं. त्यांचा माहितीपट सुटला, सेन्सॉर मात्र राहिलं.