हातांनी दिलेला श्वास

अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, ‘गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल,’ आणि त्यांच्या पोटात गोळा येतो. आता सगळं संपलं, असंच वाटतं. खरं म्हणजे पुष्कळदा ही नळी यंत्रापासून सुटण्याच्या वाटेवरची असते. ही वाट सापडली ती कोपनहेगनमध्ये, १९५२ साली.

त्या वर्षी तिथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात येत होते आणि तिथे ‘लोखंडी फुफ्फुस’ होतं अवघं एक! छातीवर बसवायची साधनं होती सहा. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. शेवटी प्रमुख डॉक्टर लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं पाहून इतर डॉक्टर चक्रावले होते. इब्सेन म्हणाले, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, हा त्याचाच परिणाम आहे.

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली. पण कफ दाटलेला, श्वासनलिका आवळलेली. हवा आत जाईना. इब्सेननी तिला झोपेचं औषध टोचलं. तिची धडपड थांबली आणि रबरी पिशवी दाबून त्यांनी तिची छाती फुलवली. मुलगी जगली.

पण पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय विद्यार्थी पुढे आले, सुमारे १,५००. पाळ्या लावून, दिवसरात्र, अंदाजे १ लाख ६५ हजार तास त्यांनी पिशव्या दाबल्या. आपल्याकडची परीक्षेच्या काळातली मुलं आठवून पाहा! साथ ओसरेपर्यंत मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेननी कोपनहेगनमध्येच अतिदक्षता विभाग सुरू केला.

पिशवी हातात असली की एक गोष्ट कळते. रुग्ण स्वतः श्वास ओढू लागला, की ती ओढ बोटांना जाणवते. मग हाताने थोडं कमी करायचं, त्याला थोडं जास्त करू द्यायचं. आजही व्हेंटिलेटर काढताना हेच करतात. फक्त ती ओढ आता यंत्र ओळखतं. गळ्यातली नळी त्यात मदत करते. कफ ओढून काढता येतो, तोंडातली लांब नळी जाते, गुंगीचं औषध कमी लागतं, रुग्ण जागा राहून प्रयत्न करू शकतो.

सगळेच सुटतात असं नाही. ती मुलगी सात वर्षांनी घरी गेली, ती श्वासाच्या यंत्रासकटच. त्यानंतर ती १९७१ पर्यंत जगली.