फिशमन, हॅल
(२५ ऑगस्ट १९३१ – ७ ऑगस्ट २००७). लॉस अँजेल्सचे अमेरिकन वृत्तनिवेदक. जन्म ब्रुकलिन, न्यू यॉर्क येथे. राज्यशास्त्राचे हे प्राध्यापक १९६० मध्ये दूरचित्रवाणीवर आले आणि जवळजवळ अर्धशतक, मुख्यतः केटीएलए वाहिनीवरून, लॉस अँजेल्सच्याच बातम्या देत राहिले. त्यांच्या अधिकाराचे मूळ आवाजात वा रुबाबात नव्हे, तर या ठाण मांडून बसण्यात आहे. १९६५ ची वॉट्स भागातील दंगल आणि १९९२ ची दंगल या दोन्ही वेळी ते याच शहरात बातम्या देत होते. पहिलीची झळ ठाऊक असलेला माणूस दुसरी सांगताना सनसनाटीच्या आहारी सहसा जात नाही. यावर आक्षेप असा की, बातमी मिळवतात वार्ताहर, निवेदक ती फक्त वाचतो. १९९२ च्या दंगलीच्या मुळाशी असलेली, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत मार्च १९९१ मध्ये केटीएलएने प्रथम दाखवली, तीही एका रहिवाशाने टिपलेली होती. आक्षेप रास्तच आहे. मात्र असे दृश्य घराघरांत पोचते तेव्हा त्यामागचा इतिहास जाणणारा, ओळखीचा माणूस समोर असावा लागतो; वार्ताहर बदलत राहतात, ही स्मृती निवेदकापाशी साठते. फिशमन निष्णात वैमानिकही होते, त्यामुळे विमान अपघातांची तांत्रिक बाजू ते अधिकाराने उलगडत. जुलै २००७ च्या अखेरपर्यंत ते रात्री दहाचे बातमीपत्र देत होते. त्यानंतर आतड्याचा कर्करोग यकृतात पसरल्याचे आढळले आणि थोड्याच दिवसांत लॉस अँजेल्समध्ये त्यांचे निधन झाले.