ताऱ्यांचा वारा आणि पुच्छधारी मेघ

अगस्त्याचा उदय झाला की पावसाळा ओसरतो आणि नद्यांचे गढूळ पाणी निवळते, असे आपल्याकडे पूर्वापार मानत आले आहेत. फेब्रुवारी महिन्यात रात्री दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे हा तेजस्वी तारा सहज ओळखता येतो. त्याच्या डावीकडे, थोडा वर, पपिस नावाच्या तारकासमूहात एक निळसर तारा आहे. ज्योतिषशास्त्रज्ञ त्याला झीटा पपिस म्हणतात. नुसत्या डोळ्यांना तो चारचौघांसारखाच दिसतो. परंतु त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४०,००० अंश आहे, म्हणजे आपल्या सूर्याच्या जवळजवळ सातपट. त्याच्या अंगावरून सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने वायूचा झोत सतत बाहेर पडत असतो. असा महाकाय तारा आपल्या शेजारच्या वायुमेघांचे काय करतो, या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्यातील एक प्रकरण बंगळूर शहरात लिहिले गेले आहे.

या इतिहासाचा आरंभ आपल्याच देशात होतो. १९२० साली मेघनाद साहा यांनी उष्णतेमुळे अणूंतून इलेक्ट्रॉन कसे सुटतात याचे गणित मांडले आणि ताऱ्यांच्या प्रकाशाची लिपी वाचता येऊ लागली. १९३९ साली डेन्मार्कच्या स्ट्रोमग्रेन यांनी दाखवून दिले की, अत्युष्ण ताऱ्याचे जंबुपार किरण भोवतालच्या हायड्रोजनचे अणू एका ठरावीक अंतरापर्यंत फोडून टाकतात, आणि तेवढा प्रदेश सुमारे दहा हजार अंशांपर्यंत तापतो. पुढे १९५५ साली ऊर्ट आणि स्पिट्झर यांनी एक नवी कल्पना मांडली. थंड मेघाची ताऱ्याकडील बाजू तापली की तेथून वायू उसळून बाहेर पडतो आणि उरलेला मेघ उलट दिशेला ढकलला जातो. दिवाळीतला बाण ज्या नियमाने वर जातो, त्याच नियमाने हा मेघ ताऱ्यापासून दूर पळतो.

सिद्धान्त सुंदर होता. पण मेघ खरोखरच पळत आहे हे पाहावे कोठे? त्याचे उत्तर झीटा पपिसच्या परिसरातच होते. ऑस्ट्रेलियाचे तरुण शास्त्रज्ञ कॉलिन गम यांनी १९५०च्या दशकात तेथे एक विशाल तेजोमेघ शोधून काढला. आकाशात तो सुमारे ३६ अंश पसरला आहे. सत्तर पूर्णचंद्र एका ओळीत मांडावेत, एवढा! १९७६ साली हॉवर्डन आणि ब्रँड यांनी छायाचित्रांमध्ये त्या तेजोमेघातील काही विलक्षण आकृती ओळखल्या. त्या धूमकेतूसारख्या दिसत : एक घट्ट काळे डोके, त्याला उजळ कड, आणि मागे लांबट अंधुक शेपूट. पुढे अशा सुमारे तीस मेघांची नोंद झाली. सगळ्यांच्या शेपट्या जणू एकाच मध्यबिंदूपासून दूर वळलेल्या होत्या.

आता वाद उभा राहिला तो कर्त्याविषयी. त्याच भागात सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी एका ताऱ्याचा महास्फोट झाला होता, आणि त्याचा अवशेष म्हणून व्हेला स्पंदक आजही फिरतो आहे. मग हे मेघ त्या स्फोटाने उधळले, की जिवंत ताऱ्यांच्या प्रकाशाने आणि वाऱ्याने?

येथे बंगळूरचा प्रवेश होतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या संशोधन संस्थेची धुरा १९७२ साली त्यांचे पुत्र व्ही. राधाकृष्णन यांच्याकडे आली. व्हेला स्पंदकाशी त्यांची जुनी ओळख होती. १९६९ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी त्याच्यावर महत्त्वाचे काम केले होते. त्यांच्या कारकिर्दीत संस्थेच्या आवारात १०.४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. अतिशीत मेघांतील हायड्रोजनचे रेणू मूकच राहतात. पण त्यांच्यासोबतचा कार्बन मोनॉक्साइड २.६ मिलिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. त्या लहरी टिपण्यासाठी ही दुर्बीण होती. हवेतील बाष्प अशा लहरी शोषून घेते, म्हणून अशा दुर्बिणी उंच आणि कोरड्या जागी उभारतात. बंगळूरची उंची तर जेमतेम नऊशे मीटर. तरीही याच दुर्बिणीने टी. के. श्रीधरन यांनी त्या पुच्छधारी मेघांचे वेग मोजले आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारे मेघ एका समाईक केंद्रापासून सेकंदाला सुमारे बारा किलोमीटर वेगाने दूर जात होते, आणि या प्रसरणाचे वय सुमारे साठ लाख वर्षे निघत होते.

या आकड्यांचे मोल साध्या हिशेबाने ध्यानात येईल. बारा किलोमीटरच्या वेगाने अकरा हजार वर्षांत मेघ अर्धा प्रकाशवर्षसुद्धा चालणार नाही. साठ लाख वर्षांत मात्र तो दोनशेचाळीस प्रकाशवर्षे जाईल. मेघांचा पसारा या दुसऱ्या मापाचा आहे. तेव्हा अलीकडच्या त्या स्फोटाला या कामाचे श्रेय देता येत नाही. त्याच्या फार पूर्वी एखादा तारा फुटला असेल, ही शक्यता उरतेच. पण लक्षावधी वर्षे चाललेली धीमी मशागत ही महाकाय ताऱ्यांच्या प्रकाशाची आणि वाऱ्याची आहे.

या मशागतीत नुसता संहार नाही. पहिल्या क्रमांकाच्या मेघाच्या डोक्यात एक तरुण तारा आढळतो. जो वारा मेघाचे विरळ अंग उडवून नेतो, त्याच वाऱ्याच्या दाबाखाली घट्ट भाग आणखी घट्ट होऊ शकतो आणि तेथे नवी ज्योत पेटू शकते. आपला सूर्यही कदाचित अशाच शेजारात जन्मला असावा. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केत अल्पायुषी अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या खुणा सापडल्या, त्या तसेच सुचवतात. महाकाय ताऱ्याचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचेच असते. परंतु तेवढ्या अवधीत तो भोवतालच्या मेघांची जी उलथापालथ करून जातो, तिची फळे पुढे अब्जावधी वर्षे तेवत राहतात. अगस्त्याच्या शेजारचा तो निळसर तारा त्यासाठी तरी एकदा अवश्य पाहावा.