सैल सांध्याची गोष्ट

होडीची डोलकाठी घट्ट उभी असली पाहिजे, अशी माणसाची हजारो वर्षांची समजूत. बुंधा रोवायचा, दोर ताणायचे, मग शीड चढवायचे. आमच्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या, की याच दोरांची आणि शिडांची डागडुजी चाले.

विंडसर्फिंगने ही समजूत मोडली. फळीवर उभे राहायचे आणि शीड हातांनी धरून वाऱ्यावर धावायचे, असा हा खेळ. यातली डोलकाठी फळीला सैल सांध्याने जोडलेली असते. ती हवी त्या दिशेला कलते, आणि हात सुटला की पाण्यावर आडवी होते. वादळात न झुंजता पडून घेणारी ही पहिलीच डोलकाठी असावी!

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या न्यूमन डार्बी यांनी अशी फळी केली, पण पेटंट घेतले नाही. कॅलिफोर्नियातले हॉइल श्वाइट्झर आणि विमान-अभियंते जिम ड्रेक यांना ते १९७० मध्ये मिळाले. श्रेयाचे वाद पुढे कोर्टात गेले. मला त्यापेक्षा मोडतोडीचा इतिहास अधिक बोलका वाटतो.

सुरुवातीच्या फळ्या जाड प्लॅस्टिकच्या, जड आणि दणकट. खडकावर घासल्या तर ओरखडा पडे, एवढेच. मग १९७७ च्या सुमारास हवाईच्या तरुणांनी फळीवर पाय अडकवायला पट्टे लावले. पाय अडकले, तशी फळी लाटेवरून उडू लागली. आणि उडणारे ते आपटणारच. उडण्यासाठी फळ्या आखूड आणि हलक्या झाल्या. आत फोम, वर काचतंतूंचे पातळ कवच. स्वार पुढे फेकला गेला की डोलकाठी फळीच्या नाकावर आदळते आणि कवच फुटते.

खरी कसोटी त्यानंतर. कवचाची चीर दिसायला केसाएवढी, पण तिथून फोम पाणी पितो. म्हणून आधी चिकटपट्टी लावून पाण्याबाहेर यायचे, मग फळी सावलीत वाळू द्यायची. कधी कधी आठवडेच्या आठवडे. घाईने वरून लेप दिला तर पाणी आतच कोंडते. शिवाय जुन्या फळ्यांना चालणारे पॉलिएस्टर रेझिन पॉलिस्टायरीनच्या फोमवर पडले, तर फोमच विरघळतो. तिथे इपॉक्सीच हवे. शिडाचेही तेच. कापडी शीड शिवता येई. पुढे आलेल्या पारदर्शक शिडाची फाट चिकटपट्टी तात्पुरती धरते, नंतर तो तुकडाच बदलावा लागतो.

भर समुद्रात सांधाच तुटला तर? फळी सोडायची नाही, हा पहिला धडा. शीड डोलकाठीभोवती गुंडाळून फळीवर ठेवायचे आणि हातांनी वल्हवत परतायचे. किनारा जवळ असेल तर, अर्थात.

ख्रिस्तियान मार्ती या फ्रेंच वैमानिकाला तो जवळ नव्हता. १९८१-८२ च्या हिवाळ्यात तो आफ्रिकेतल्या डाकारहून निघाला आणि ३७ दिवसांनी दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाला पोहोचला. सोबत एक बोट होती. तरी अटलांटिक त्याने ओलांडला तो फळीवरूनच.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसहून उडालेल्या काँकॉर्ड विमानाचा कप्तान हाच मार्ती. धावपट्टीवर दुसऱ्या विमानाची एक धातूची पट्टी पडली होती. तिने टायर फाडला, टायरचा तुकडा इंधनटाकीखाली आदळला. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले.